रफूवाल्याची हवालदार

पाय पुसल्याशिवाय ती कुणालाही घरात घेत नसे. कुणालाही म्हणजे कुणालाही. पाच वर्षांची असताना एकदा तापाने फणफणली म्हणून डॉक्टर घरी आले, तर ही अंथरुणातून उठून दोन्ही हात पसरून दारात उभी! डॉक्टरांनी निमूटपणे बूट पुसले. मग आणखी एकदा पुसले, कारण पहिल्या खेपेला डावा नीट पुसला गेला नव्हता. आत येता येता ते तिच्या बापाला म्हणाले, "घरात हवालदार ठेवलाय वाटतं." झालं! तेव्हापासून घरात, गल्लीत, शाळेत ती हवालदार. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि ते तिथेच बरं आहे.

बाप रफूवाला. हा धंदा आता कितीजणांना ठाऊक असेल, देव जाणे. कोटाला विडीचं जळकं भोक पडलं, चांगल्या पँटला खिळ्याने फाडलं, की लोक त्याच्याकडे यायचे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून तो धागे ओढून काढायचा आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचा की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून पाच मिनिटं शोधत बसे आणि शेवटी विचारी, "होतं कुठे हो?" हा प्रश्न ऐकला की रफूवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. चाळीस वर्षं त्याने हे केलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: रस्त्याकडे एक मोठी खिडकी, एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि सुयांचा डबा. त्या डब्याला हात लावायची परवानगी बायकोलाही नव्हती.

ती जन्मली तेव्हा तो बेचाळीसचा, आई अडतीसची आणि थोरला मुलगा बारा वर्षांचा. डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. दोन, तिच्या हृदयाला भोक आहे. पहिली गोष्ट रफूवाल्याच्या डोक्यावरून गेली. दुसरी बरोबर कळली.

"केवढं आहे?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी करंगळीचं नख दाखवलं.

"मग होईल," तो म्हणाला. "त्याच्याहून मोठी मी बुजवलीत."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. आठव्या महिन्यात ऑपरेशन झालं आणि छातीवर एक सरळ रेघ ठेवून पोर घरी आली. पहिली गोष्ट मात्र हळूहळू कळत गेली. डॉक्टरांनी समजावलं, की तिच्या शरीरात एक गुणसूत्र जास्त आहे, म्हणून ती चालेल उशिरा, बोलेल उशिरा, शिकेल सावकाश. रफूवाला म्हणाला, "जास्तच आहे ना? कमी नाही ना पडलं काही?" आणि वर मान हलवली, जणू दुकानदाराने माप भरून दिलं होतं.

नातेवाईक यायचे, हळू आवाजात बोलायचे. त्याच्या एका मावशीने तर पोरीच्या तोंडावर सुस्कारा सोडला, "कसं गं व्हायचं हिचं?" आई कपडे घडी करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमचं झालं तसंच होईल, मावशी. तुमचंही कुणाला वाटलं नव्हतं." मावशी त्यानंतर दोन वर्षं फिरकल्या नाहीत. घरात कुणी त्यांची आठवणही काढली नाही, खोटं कशाला बोला!

हवालदार अडीच वर्षांची झाल्यावर चालली, चौथ्या वर्षी बोलली आणि त्यानंतर गप्प बसली नाही. जीभ थोडी जड, शब्द तोंडात घोळून बाहेर यायचे, पण बाहेर यायचे नक्की. गल्लीतल्याच साध्या शाळेत गेली. एका वर्गात दोन-दोन वर्षं काढली, आणि दोन्ही वर्षी वर्गाच्या खिडक्या बंद करायचं काम तिच्याकडेच राहिलं. शाळा सुटली की दुकानात बापाच्या शेजारच्या स्टुलावर.

तिथे ती काय करायची, तर भोकं शोधायची. गिऱ्हाईक एक भोक दाखवून जाई. ही कपडा खिडकीशी धरी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभर, वीतभर सरकवत बघे. एक इंचही सोडायची नाही. "बाबा, इथे अजून एक." "बाबा, इथे कसर लागलीय." भिंग लावूनही बापाच्या नजरेतून जे सुटे ते तिच्या उघड्या डोळ्यांना दिसे. तिला घाई नव्हती, हेच त्याचं खरं कारण. आपण बघतो ते बघून टाकायला. ती बघायची.

आता रफूवाल्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीतून झालं. पोरीने काही केलं, की तो तिच्या मागून ते पुन्हा करायचा. तिने बटण लावलं की ती शाळेत गेल्यावर उसवून परत लावायचा. तिने दुकान झाडलं की कोपरे पुन्हा झाडायचा. आणि वर संध्याकाळी तिला म्हणायचा, "वा! काय पक्कं लावलंयस बटण!" प्रेमाने करायचा, ते मान्य. पण माणूस डोळ्यांत तेल घालून आपल्या मुलीची कामं उसवत बसतो, ह्याला काय म्हणायचं? आई त्याला सांगून दमली. "अहो, तुमच्या हाताला खाज सुटते का?" तो म्हणे, "अगं, तिला कुठे कळतंय." तिला कळत होतं की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

एकोणतिसाव्या वर्षी हवालदारला नोकरी लागली. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, तळघरात. तिथे वाफ, साबणाचा वास आणि माणसाएवढी यंत्रं. दिवसभर ढकलगाड्या येतात-जातात. तिला बसवलं उजेडाच्या टेबलाशी. हे टेबल म्हणजे वरून काच आणि खाली दिवे. ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर घालतात त्या हिरव्या चादरी धुऊन आल्या, की एकेक काचेवर पसरायची आणि खालून येणाऱ्या उजेडात भोक दिसतंय का बघायचं. भोक असलं तर त्याभोवती खडूने गोल करायचा, लाल चिठ्ठी टाचायची, कागदावर लिहायचं आणि चादर उठून जाऊन दुरुस्तीच्या टोपलीत टाकायची. नसलं तर पुढे घडी करायला. शिकवणाऱ्या मुकादमबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "एवढंसं भोक असलं तर काय बिघडतं, सांग बघू?" बाकीची नवी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हवालदारने गळ्याजवळून छातीवरच्या रेघेचं टोक दाखवलं आणि म्हणाली, "त्यातून जंतू जातात. आत माणूस असतो." मुकादमबाईंनी पुढचं शिकवायचं सोडून तिला टेबल देऊन टाकलं.

बसने चार थांबे. ती एकटी जायची. निदान तिला तसं सांगितलं होतं. पहिले दोन आठवडे रफूवाला मागच्या बसने जायचा आणि हॉस्पिटलच्या समोरच्या झाडाआडून ती आत जाईपर्यंत बघायचा. तिसऱ्या सोमवारी मागची बस आली, दार उघडलं, आणि दारात हवालदार उभी! "बाबा, उतरा. घरी जा." सगळ्या बसने ऐकलं. बापाने कानाला खडा लावला.

आणि तिथे ती रुळली, चांगली रुळली. लॉकर मिळालं, त्याची किल्ली गळ्यात. जेवायच्या टेबलावर खिडकीजवळची तिसरी खुर्ची तिची. एकदा एक ड्रायव्हर चुकून बसला तर त्याला सांगून उठवलं. शेजारच्या उजेडाच्या टेबलाशी बसणारी बाई इतक्या झपाट्याने चादरी उलटायची की तिला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. हवालदार आणि एक्सप्रेस डबा वाटून खायच्या, एकमेकींची टर उडवायच्या. "अगं, जरा स्टेशनवर थांब," हवालदार म्हणे. "तू आधी सुट तरी," एक्सप्रेस म्हणे. घरी आल्यावर आईला दिवसभराचं सगळं सांगून व्हायचं, आणि तेवढ्यात आईची भाजी करपायची.

फक्त एक अडचण होती. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मॅनेजरसाहेब प्रत्येकाचा रोजचा आकडा बघायचे. दिवसाला दोनशे चादरी, ही सरासरी. दोनशे झाल्या तर कायम, नाही तर नमस्कार. हवालदारचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे त्र्याण्णव, कधी एकशे शहाण्णव. दोनशेच्या दाराशी येऊन रोज परत फिरायचा.

"मला दोनशे पाहिजेत," तिने घरी जाहीर केलं. "नाही झाल्या तर किल्ली परत द्यावी लागते." आणि तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

तो आठवडा उजाडायच्या आधीच्या शनिवारी रफूवाल्याला काही गोड लागेना. पोर परत दिवसभर खिडकीशी बसणार, आणि आता दुकानात तर महिन्याला दोन कोटही येत नाहीत. सोमवारी सकाळी बायकोला "जरा सुया बघून येतो" म्हणाला आणि हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी जाऊन मुकादमबाईंना गाठलं.

"बाई, एवढा एक आठवडा," तो म्हणाला. "तिला भोकं नसलेल्या चादरी द्या. गोल करण्यात, लिहिण्यात, उठण्यातच तिचा वेळ जातो. तेवढा वाचला की दोनशे सहज होतील."

"काका, असं कसं करता येईल? भोकं शोधायलाच तर बसवलंय तिला."

"एक्सप्रेसने तपासलेल्या चादरी हिच्या गाडीत टाका. दोनदा तपासल्या गेल्या तर हॉस्पिटलचं चांगलंच होईल की!"

मुकादमबाईंनी आधी नाही म्हटलं, मग घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाल्या, "मलाही ती जायला नकोय, काका." आणि घोडं तिथेच पेंड खाऊन बसलं. दोन शहाणी माणसं, दोघांचा जीव त्या मुलीवर, आणि दोघांनी मिळून तिचं काम तिच्या हातून काढून घेतलं. बरं, घरी येताना रफूवाला शीळ घालत होता. शीळ!

सोमवारी दोनशे एक्केचाळीस. मंगळवारी दोनशे बावन्न. बुधवारी त्याच्याही वर. एक्सप्रेसने टाळ्या पिटल्या. हवालदार हसली नाही. घरी आली की गप्प. आईने कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तिघं जेवायला बसली; थोरला लग्नानंतर वेगळा राहायचा. हवालदारने दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला.

"चादरी बरोबर नाहीत," ती म्हणाली.

"का गं?" आईने विचारलं.

"चार दिवसांत तीन भोकं. फक्त तीन. रोज दहा असतात. बारा असतात."

"मग चांगलंच झालं ना," रफूवाला ताटात बघत म्हणाला. "नव्या चादरी आल्या असतील."

"नव्या नाहीत. जुन्याच आहेत. धुऊन पातळ झाल्यात." ती थांबली. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, आणि ह्या घरात तो वेळ दिला जातो. "कुणीतरी माझं काम आधी करतंय."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्रेचाळीस वर्षांची ओळख. तिला काही सांगावं लागलं नाही. सुया बघायला गेलेला माणूस सुया न घेता आला होता, हे तिला तेव्हाच खटकलं होतं.

"बाबा," हवालदार म्हणाली, "तुम्ही आला होता तिथे?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडात खोटं तयारही झालं होतं. पण समोर कोण बसलं होतं? जिच्या नजरेतून सुताएवढं भोक सुटत नाही, ती.

"हो," तो म्हणाला.

"का?"

"तुझी नोकरी राहावी म्हणून गं, बाळा. तुझ्यासाठीच."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. ती कपड्याकडे बघते तशी.

"तुम्हाला वाटलं मला जमणार नाही."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. एकोणतीस वर्षं तसंच वाटत आलं होतं, प्रत्येक बटणापाशी, प्रत्येक कोपऱ्यापाशी. हवालदारने आपलं ताट उचललं, धुतलं, पुसून जागेवर ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बापाला जरा बरं वाटलं असतं. त्याला आपली इतकी लाज वाटली की पाणी प्यायलाही तो उठला नाही. आई म्हणाली, "बसा आता," आणि तीही उठून गेली.

शुक्रवारी अकराला मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं. सकाळी रफूवाला चपला घालून दाराशी उभा. "मी येऊ का?"

हवालदारने विचार केला. "या. पण बाहेर बसायचं."

बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे. साहेबांच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं, त्यावर तिने त्याला बसवलं आणि ती आत गेली. मुकादमबाई आधीच आत होत्या. दार अर्धवट उघडं राहिलं. साहेब उंच, किडकिडीत, बोलायचे ते छापील कागद वाचल्यासारखं.

"अभिनंदन. या आठवड्याची सरासरी दोनशेच्या बरीच वर आहे. या ठिकाणी सही करा."

पेन पुढे सरकवल्याचा आवाज आला. बाकड्यावर रफूवाल्याचे कान टवकारलेले. सही कर, बाळा, तो मनात म्हणत होता. एवढी सही करून टाक. मग मला जन्मभर बोल.

"हा आकडा माझा नाही," हवालदार म्हणाली.

"म्हणजे?"

"चादरी आधी तपासलेल्या होत्या. भोकं... भोकं काढून टाकून..."

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की गाड्या बदलल्या गेल्या आणि..."

"थांबा," ती म्हणाली. "माझं वाक्य संपलं नाही."

साहेब थांबले. आयुष्यात त्यांना कुणी असं थांबवलं असेल असं वाटत नाही.

"भोकं काढून टाकून मला दिल्या. म्हणून जास्त झाल्या. मी तेवढ्या करत नाही. मी एकशे शहाण्णव करते. सही नाही करणार." मग जरा थांबून, "आता संपलं."

"कुणी केलं हे?"

बाकड्यावर बापाने डोळे मिटले. आता नाव येणार. यायलाच हवं होतं.

"ते नाही सांगणार," हवालदार म्हणाली. "त्यांना कळलंय."

रफूवाल्याला वाटलं, उठावं, आत जावं आणि सांगावं, साहेब, मी तो. अर्धा उठलाही. पण बाहेर बसायचं, असं ठरलं होतं. तो परत बसला. सांगितलेलं ऐकायचं त्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा मनावर घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

आत मुकादमबाईंनाच राहवलं नाही. "साहेब, गाड्या मी बदलल्या. मला काय करायचं ते करा. पण ह्या बघा." त्यांनी तीन हिरव्या चादरी टेबलावर ठेवल्या, लाल चिठ्ठ्यांसकट. "ह्या आमच्या सगळ्यांत जलद बाईने चांगल्या म्हणून पुढे पाठवल्या होत्या. हिने त्यात भोकं काढली."

साहेबांनी एकेक चादर खिडकीशी धरली. बराच वेळ धरली. एक भोक त्यांना गोल दाखवल्यावरही दिसेना, तेव्हा हवालदार उठून गेली आणि बोट ठेवून म्हणाली, "इथे."

"अच्छा," साहेब म्हणाले. मुकादमबाईंना वाटलं, झालं, आता करतील कायम. पण साहेबही नियमाला पक्के. "चादरींचं लक्षात ठेवतो. बाई, तुमच्याशी नंतर बोलू. हा आठवडा रद्द. सोमवारपासून पाच दिवस, सरळ मशीनवरून आलेल्या चादरी. सरासरी दोनशे."

"बरोबर," हवालदार म्हणाली. एका हवालदाराने दुसऱ्याला मान दिला, इतकंच.

"नाही झाल्या तर?" साहेबांनी विचारलं.

"तर नाही," ती म्हणाली. "पण करीन."

मग जे पाच दिवस गेले ते रफूवाल्याला कुणी विचारू नयेत. आईने बजावून ठेवलं होतं, "एक शब्द विचारायचा नाही. आकडा नाही, चेहरा नाही, काही नाही." तो विचारत नव्हता. बोलायला काही नाही म्हणून घरातली सगळी घड्याळं त्याने पुसून काढली. हवालदार सकाळी जायची, संध्याकाळी खांदे चोळत यायची, जेवायची आणि आठाला झोपायची. मंगळवारी तिचं बटण तुटलं. तिने स्वतःच दोरा ओवला, तीनदा सुटला, चौथ्यांदा ओवला, आणि बटण लावलं, जरासं वाकडं. दुसऱ्या दिवशी शर्ट दांडीवर वाळत होता. रफूवाला त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात शिवशिवले. मग त्याने हात पाठीमागे बांधले आणि आत निघून गेला. वाकडं होतं, पण पक्कं होतं. ते त्याने ओढून बघितलं होतं, तेवढं मात्र खरं.

शुक्रवारी साडेपाचला ती आली. हात धुतले, पाणी प्यायली. आईबाप दोघं स्वयंपाकघरात उभे.

"एक हजार दोन," ती म्हणाली. "पाच दिवसांत. भोकं एकावन्न."

आईला हिशेब करायला क्षणभर लागला. रफूवाल्याला लागला नाही. दिवसाला दोनशे, म्हणजे पाच दिवसांचे हजार. वर दोन!

"मी सही केली," हवालदार म्हणाली आणि कार्ड दाखवलं. कालपर्यंत त्यावर 'तात्पुरती' असा शिक्का होता, तो आता नव्हता. आईने तिला अशी काही मिठी मारली की कार्ड दोघींच्या मध्ये चेपलं.

मग हवालदार बापाकडे वळली. त्याने आठ दिवस जपून ठेवलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. नाही बाबा, असू द्या बाबा, असलं काही नाही. चुकलं ते चुकलं. "परत नाही."

"परत नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. तो पुढे कोलमडला आणि हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि डोळे पुसायला काही सापडेना म्हणून चपला घालून बाहेर पडला.

बाहेर पडला तो सरळ औषधाच्या दुकानात. "ऐका," तो काउंटरवर हात आपटून म्हणाला. "माझ्या मुलीची नोकरी पक्की व्हावी म्हणून मी चोरी केली. तपासलेल्या चादरी तिच्या गाडीत घालायला लावल्या. मी! साहेब म्हणाला, सही कर. आणि ती काय म्हणाली? 'हा आकडा माझा नाही.' साहेबाच्या तोंडावर!" औषधवाल्याने तोंडात बोट घातलं. तिथून रफूवाला पेपरवाल्याकडे. "मी चोरी केली," पुन्हा पहिल्यापासून, आवाज जरा वाढलेला. "आणि साहेबाने विचारलं कुणी केली, तर म्हणाली, 'नाही सांगणार, त्यांना कळलंय.' माझं नाव घेतलं नाही हो पोरीने!" पेपरवाल्याने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. त्याला वेळ कुठे होता?

केशकर्तनालयात चारजण नंबर लावून बसले होते, त्यातल्या दोघांना तो ओळखतही नव्हता. त्याची छाती अशी फुगलेली की शर्टाच्या गुंड्या ताणल्या गेल्या. "साहेब मध्ये बोलायला लागला, तर त्याला म्हणाली, 'थांबा, माझं वाक्य संपलं नाही.' आणि साहेब थांबला!"

न्हाव्याची कात्री हवेतच राहिली. "आणि ती चोरी कुणी केली म्हणालात?"

"मी!" रफूवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "मीच तर! दुसरं कोण?"

"बरं, पण काका," खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणालं, "नोकरीचं काय झालं शेवटी?"

"अरेच्चा, ते राहिलंच की," रफूवाला म्हणाला. "लागली ना!" आणि पुढच्या दुकानाची पायरी चढून त्याने परत आपल्या चोरीपासून सुरुवात केली.